कॅमेरा कुठला ते नंतर, आधी रिवाइंडचा नॉब फिरतोय का बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २७, पुण्यात कंपनीत नोकरी, गाव तासगाव तालुक्यातलं, शनिवार-रविवार फोटो काढतोस, मित्र भारी म्हणतात, आणि आता नोकरी सोडून इकडं येऊन फ्रीलान्स फोटोग्राफी करायची म्हणतोयस. कॅमेरा कुठला घेऊ, महिन्याला किती सुटतात, आणि काका तुमचे अनुभव सांगा. तिन्ही एका दमात विचारलंस, मी आपलं जमेल तसं सांगतो, क्रम लागेलच असं नाही.

कॅमेऱ्याचं दोन ओळीत संपवतो. दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो लिहिणारी कुठलीही बॉडी घे, सेकंडहँड चालेल, एक चोवीस-सत्तर मिलिमीटरची झूम लेन्स घे, एक पन्नास किंवा पंच्याऐंशीची घे, दोन फ्लॅश घे आणि बॅटऱ्या दुप्पट घे. संपलं. कंपनी कुठली ते तुझं तू बघ, मी त्या भांडणात पडत नाही, कारण तीस वर्षांत मला एकाही नवरीच्या आईनं कॅमेरा कुठला म्हणून विचारलेलं नाही. "आत्याचा फोटो आला का" हे मात्र प्रत्येकीनं विचारलंय.

मी सांगलीचा. गावभागात राहतो. १९९१ ला बारावी नापास झाल्यावर एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो. तेव्हा स्टुडिओ म्हणजे पुढं एक काचेचं कपाट, आत पडदा, पडद्यावर रंगवलेला जिना आणि जिन्याला गुलाबाची वेल, आणि सगळ्यात मागं डार्करूम. मालक तराजूवर मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, म्हणजे फोटो धुवायची औषधं, मोजून द्यायचे, सोनार मोजतो तसं, आणि मी ते पाण्यात कालवायचो. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास हाताला इतका बसायचा की घरी जेवताना आई म्हणायची तू तिकडं बस. पासपोर्ट फोटो अर्जंट असला की प्रिंट अजून ओली असतानाच गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं. चार वर्षं तेच केलं. फोटो काढायला मिळाला असेल चार वर्षांत पन्नास वेळा, तोही मालक जेवायला गेले की. पण प्रिंट इतक्या धुतल्या की कुठल्या चेहऱ्यावर किती उजेड पाहिजे हे डोळ्यात बसलं, आणि ते आजही तेवढंच उपयोगी पडतं.

१९९५ ला स्वतःचा कॅमेरा घेतला. पेंटॅक्स के थाउजंड, सेकंडहँड, सगळं हातानं करायचं. फ्लॅश लावला की शटर साठवर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर, ठेवायचं, नाहीतर अर्धी फ्रेम काळी येते. रोल ३६ चा, शंभराच्या आसपास मिळायचा, वर धुलाई आणि प्रिंट. म्हणून एका लग्नाला तीन रोल, चार म्हणजे पार्टी मोठी. शंभर-सव्वाशे फोटोत अख्खं लग्न बसवायचं. आता पोरं हळदीलाच आठशे काढतात. मी पण काढतो, मी कुठं वेगळा आहे.

आता ती नॉबची गोष्ट सांगतो, कारण तुला शिकायचं असेल तर ह्यातनं शीक.

१९९६ चा मे महिना, तासगावच्या पुढं एक गाव, मुलीकडचं काम. उन्हानं जीव चाललेला, मांडव लाल-पिवळ्या कापडाचा, मुहूर्त दुपारचा. गौरीहरापाशी नवरीचे फोटो झाले, रोल संपला, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत घाईघाईत दुसरा रोल भरला. फिल्मचं टोक उजवीकडच्या स्पूलच्या खाचेत घातलं, झाकण लावलं, फिल्म पुढं सरकवायचा लिव्हर दोनदा ओढला, फोटो मोजणारा काउंटर एकवर आला, म्हणलं झालं. अख्खी मंगलाष्टकं काढली. अंतरपाट धरलेला, भटजी, मामा मागं उभे, करवली कलश घेऊन, अक्षता, हार, सगळं. काउंटर ३६ वर गेला, ३७ वर गेला, ३८ झाला तरी लिव्हर आपला मऊ फिरतोय. तिथं माझ्या पोटात गोळा आला. डावीकडचा रिवाइंडचा, म्हणजे फिल्म परत गुंडाळायचा, नॉब फिरवून बघितला तर काही ताणच नाही. कोपऱ्यात जाऊन झाकण उघडलं तर फिल्म जशी भरली होती तशीच, टोक खाचेतनं निसटलेलं, एक इंच पण पुढं सरकलेली नाही.

म्हणजे रोल भरल्यावर बघायचं काय असतं, तर लिव्हर ओढताना डावीकडचा नॉब उलटा फिरला पाहिजे. तो फिरला म्हणजे फिल्म खरंच सरकतेय. काउंटरवर विश्वास ठेवायचा नाही, काउंटर रिकामा कॅमेरा पण मोजतो. हे मालकांनी मला शिकवलं होतं का, शिकवलं होतं. त्या दिवशी बघितलं का, नाही.

पुढं दोन तास मी लग्नात कसा हिंडलो मला आठवत नाही. सप्तपदी काढली, कानपिळी काढली, पंगत काढली, आणि डोक्यात एकच की सांगायचं का पळून जायचं. रात्री पाठवणी झाल्यावर मुलीच्या वडलांना बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले, मग मला एक शिवी दिली, मग दुसरी दिली. तेवढ्यात मुलीची चुलती आली, तिनं सगळं ऐकलं आणि सरळ म्हणाली, उद्या मांडवपरतणीला येतायत की दोघं, परत उभी करा, त्याला काय मुहूर्त लागतोय व्हय.

झालं, दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी परत मुंडावळ्या बांधून अंगणात उभी. अंतरपाट म्हणून वडलांचं उपरणं. भटजी नाहीत, तर एका काकांना सोवळं नेसवून पाठमोरे उभे केले. सगळं जमलं आणि नेमकी आज्जी अडून बसली. अक्षता एकदाच पडतात म्हणाली, दुसऱ्यांदा टाकल्या तर अपशकुन, मी टाकू देणार नाही. तासभर त्यावर वाद. शेवटी घरातल्या एका पोरानं डबा आणला चुरमुऱ्यांचा. आमच्या सांगली भागात घरात एक वेळ साखर नसेल पण चुरमुरे असतात. आज्जीला चुरमुरे चालले. मग आठ-दहा जणांनी चुरमुरे उधळले आणि मी फोटो काढले, प्रत्येक वेळी नॉबकडं बघून. प्रिंट आल्या तर फ्लॅशनं चुरमुरे हवेत जागच्या जागी थांबलेले, पांढरे, टपोरे, अक्षता वाटाव्यात तर त्या चौपट मोठ्या. आणि नवरी अंतरपाटाच्या आड खो खो हसतेय. खऱ्या लग्नात ती मान खाली घालून उभी होती.

पैसे मी त्या लग्नाचे घेतले नाहीत. पण पुढच्या दहा वर्षांत त्या एका घरातनं मला सात लग्नं मिळाली. का ते मला विचारू नकोस, मीच अजून कोड्यात आहे.

आता तुझ्या काळातला नॉब म्हणजे कार्ड. दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा घे म्हणलं ते ह्याच्यासाठीच. आणि घरी आल्यावर कार्ड फॉरमॅट करायचं नाही, दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय आणि त्यातले चार फोटो उघडून बघितल्याशिवाय. मी २००६ ला पहिला डिजिटल घेतला, निकॉनचा डी सेव्हंटी, सहा मेगापिक्सेल, एकच कार्ड. पाच वर्षांनी टेबलावरनं हार्ड डिस्क पडली आणि २००९ ची जवळजवळ सगळी लग्नं गेली. कॉपी नव्हती. अल्बम लोकांना दिलेले होते म्हणून वाचलो. तेव्हापासून तीन कॉप्या, त्यातली एक घराबाहेर. ही घराबाहेरची भानगड काय ते पुढं पुरात येईलच.

पैशाचं सांगतो. नवीन कालनिर्णय आलं की बाकीचे लोक सुट्ट्या बघतात, मी लग्नाच्या तारखा बघतो. तुळशीचं लग्न झालं की धंदा सुरू, पौषात आमच्याकडं बरेच जण टाळतात, मग माघ-फाल्गुन आणि खरी धुमाळी चैत्र-वैशाखात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास. अधिकमास आला की त्यात अजून एक महिना गेला, गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की आणखी काही आठवडे गेले. हल्ली काढीव मुहूर्त देतात, त्यानं थोडं सावरलं, पण तू धरून चाल की वर्षातले चार-पाच महिने घरी बसायचंय. आणि ज्या दिवशी दाट तिथी असते त्या दिवशी तुला पाच फोन येणार, त्यातलं एकच तू करू शकतोस, बाकीची चार दुसऱ्याकडं. म्हणून गावातल्या दुसऱ्या फोटोग्राफरशी भांडायचं नाही. तो तुझा शत्रू नाही, तो तुझा त्या दिवशीचा दुसरा कॅमेरा आहे.

माझा आत्ताचा हिशोब सांगतो, हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, फोटो आणि व्हिडिओ, एक अल्बम, पन्नास हजार. ऐकायला बरं वाटतं. त्यातनं व्हिडिओवाला दहा, अल्बमची छपाई नऊ-दहा, व्हिडिओ एडिटिंग पाच-सहा, हाताखालचा पोरगा दोन, पेट्रोल आणि चहापाणी दीड-दोन. वीस हातात राहिले तर मी खूश असतो. अशी वर्षाला पंचवीस कामं झाली तर ते वर्ष चांगलं. आणि त्यातनं दर चार-पाच वर्षांनी कॅमेरा बदलायचाय हे विसरू नकोस. तुझा पुण्याचा पगार किती आहे मला माहीत नाही, तू वजाबाकी कर.

उधारी हा वेगळाच विषय आहे. पूर्वी मी अल्बम दिल्यावर उरलेले पैसे घ्यायचो. म्हणजे काय व्हायचं, फोटो निवडायला लोक सहा महिने लावायचे. तीन हजारातनं दोनशे निवडा म्हणलं की नवरी म्हणते ह्यांना वेळ नाही, नवरा म्हणतो तिलाच कळतं त्यातलं. तोवर नव्याची नवलाई संपते, बाळ होतं, आणि मग बारशाला बोलावतात आणि म्हणतात दोन्हीचं मिळून देतो. मी एकदा एका घरचा साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, बारसं असा सलग हिशोब एकाच वहीच्या पानावर ओढलाय आणि पोरगं शाळेत गेल्यावर पैसे मिळालेत. आता सरळ सांगतो. तारीख धरायला काही रक्कम, हळदीच्या दिवशी सकाळी मोठी रक्कम, आणि फोटो पेनड्राइव्हवर देताना बाकी. अल्बमचे वेगळे, जेव्हा निवडाल तेव्हा द्या. पैसा दिवसाला बांधायचा, अल्बमला नाही. हळदीच्या दिवशी सकाळी मागायला लाज वाटते, मला अजूनही वाटते, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही बापाकडं पैसे नसतात हे पण खरं.

लग्न सोडून बाकीचं काय काय काढावं लागतं हे तू कल्पना पण केली नसशील. शाळेचे ग्रुप फोटो, कारखान्याच्या वार्षिक सभेचे फोटो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी कार्यकर्त्यांचे फोटो, ते तर कायमचं गिऱ्हाईक, एक हात जोडलेला, एक कानाला मोबाइल लावलेला, एक चालत येताना, असे तीन काढून ठेवायचे, वर्षभर पुरतात. म्हैस मेली की विम्यासाठी फोटो लागायचा, मालक शेजारी उभा आणि म्हशीच्या कानातला बिल्ल्याचा नंबर स्पष्ट दिसला पाहिजे, नाहीतर क्लेम अडकतो. आता मोबाइलवर काढतात ते. पंचनाम्याला पोलिसांचा निरोप यायचा, रात्री दोनला सुद्धा, अपघात, गळफास, विहीर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फोकस करूच शकलो नाही, हवालदार म्हणाला अरे तू काचेतनं बघतोयस म्हणून समज आणि काढ. त्या फोटोंच्या निगेटिव्ह पण द्याव्या लागायच्या. डिजिटल आल्यावर पुराव्याच्या कायद्यातल्या कलम पासष्ट ब चं सर्टिफिकेट सही करून द्यायचो, की हे फोटो माझ्याच कॅमेऱ्यातले आहेत आणि फेरफार नाही. २०२४ च्या जुलैपासून कायदाच नवीन आलाय, तेच कलम आता त्रेसष्ट झालंय. मी हल्ली ती कामं घेत नाही. झोप लागत नाही मग.

पेपरला पण दिले काही वर्षं फोटो. रोल धुवून, दोन प्रिंट पाकिटात घालून, संध्याकाळच्या कोल्हापूर एसटीच्या कंडक्टरच्या हातात पाकीट, आणि तिकडं स्टँडवर त्यांचा माणूस उभा. फोटोचे पैसे एवढे कमी की पाकिटाचा आणि चहाचा खर्च जाऊन काय राहायचं ते बोलायला नको, पण सकाळी फोटोखाली नाव छापून आलं की आई शेजारणीला दाखवायची, तेवढ्यासाठी मी ते सात वर्षं केलं.

आता कामाचं, म्हणजे हातातलं काम. तू फोटो चांगले काढत असशील, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. लग्नात फोटो काढणं म्हणजे पुढच्या दहा सेकंदात काय होणार ते माहीत असणं. मंगलाष्टकं किती चालतील कुणालाच माहीत नसतं, मावशी उठते, आत्या उठते, कुणीतरी मोबाइलमध्ये बघून स्वतः रचलेलं म्हणतं. पण भटजींनी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू केलं की समजायचं आता अंतरपाट निघणार. तिथं लेन्स बदलत बसलास तर गेलास. त्या क्षणी वाजंत्री कडकडतं, सगळे पुढं घुसतात, आणि आता तर प्रत्येकाचा हात मोबाइल घेऊन वर. म्हणून मी तोवर नवऱ्याच्या मागच्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसलेलो असतो, नवरीचा चेहरा मिळतो. नवऱ्याचा हार घालतानाचा मिळतोच.

उजेडाचं एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. हळदीला पिवळा मांडव, पिवळे कपडे, अंगावर हळद, अशा वेळी ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवलंस, म्हणजे रंग जुळवायचं कॅमेऱ्यावर सोडलंस, तर कॅमेरा म्हणतो अरे एवढं पिवळं कसं, आणि तो सगळं निळसर करून टाकतो, माणसं आजारी दिसतात. हातानं सेट कर, एकदा पांढऱ्या रुमालावर बघून. आणि हल्ली स्टेजवर एलईडी लावतात, मागं मोठी एलईडीची भिंत, तिथं शटर जास्त वेगात ठेवलास तर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून शटर पन्नास किंवा शंभरवर ठेवून बघ, दिव्यांचे पट्टे बहुतेक वेळा जातात. भिंतीचं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तिथं आधी जाऊन चार फोटो काढून बघायचे. मी एकदा अख्खं रिसेप्शन पट्ट्यापट्ट्यांचं दिलंय, नवरा म्हणाला काका हा इफेक्ट आहे का, मी म्हणलं हो.

आणि माणसं. प्रत्येक घरात एक माणूस रुसलेला असतो, बहुतेक वेळा आत्याचे यजमान, नाहीतर धाकटा चुलता. तो ग्रुप फोटोला येणार नाही, आणि तो आला नाही तर पुढची वीस वर्षं अल्बम उघडला की लोक त्याचीच जागा बघणार. म्हणून हळदीच्या दिवशीच दोन्हीकडचा एक-एक माणूस धरून ठेवायचा, माझा अनुभव म्हणजे मुलीचा मामा सगळ्यात चांगला, त्याला सगळी भांडणं माहीत असतात आणि तो स्वतः कशात नसतो. त्याला विचारायचं, फोटोत कोण कोण राहून जायला नको? तो बरोबर नाव सांगतो. मग त्या माणसाचा एकट्याचा फोटो आधी काढायचा, जरा कौतुक करत, फेटा बघा कसा बसलाय म्हणत. एकदा एकट्याचा चांगला निघाला की तो ग्रुपला येतो, शंभरातले नव्वद वेळा. मग कुणाच्या शेजारी उभा करायचा नाही ते पण मामालाच विचारायचं.

आता पूर.

२००५ ला पाणी आलं तेव्हा घरात कमरेएवढं. आम्ही सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं पाणी बघायला जायचो, दरवर्षीची सवय, कुणाला वाटलंच नाही की ते घरात येईल. माझ्या निगेटिव्ह पत्र्याच्या चार पेट्यांत, पेट्या जमिनीवर. पाणी उतरल्यावर पेट्या उघडल्या तर गाळ. मी काय केलं, अडाण्यासारखं सगळे गठ्ठे अंगणात वाळत घातले. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, ओला असताना तो मऊ असतो आणि वाळला की शेजारच्या पट्टीला चिकटतो तो कायमचा. दोन दिवसांत दोन पेट्यांची वीट झाली, अक्षरशः वीट, सुरीनं सुटत नाही. मग जुने मालक बघायला आले, ते ओरडलेच, अरे वाळवू नको, पाण्यात टाक. ओल्या आहेत तोवर स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत ठेवायच्या, एक-एक पट्टी पाण्याखालीच अलगद सोडवायची, गाळ बोट न लावता हलवून काढायचा, आणि मग क्लिपला टांगायची, सावलीत. दोन-तीन दिवसांच्या आत, नाहीतर थर विरघळून रंग वाहून जातो. तिसरी पेटी अशी निम्मी वाचली. चौथी पूर्ण गेली. त्यानंतर जे उरलं ते मिरजेला बहिणीकडं नेऊन ठेवलं, माळ्यावर. डिस्क पडून २००९ ची लग्नं गेल्यावर हार्ड डिस्कची पण एक कॉपी तिच्याकडं जायला लागली. बहीण म्हणते, तुझं सामान सांभाळते म्हणून भाऊबीजेला जास्त घाल.

२०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. ह्या वेळी घरात माझ्या डोक्यावरनं पाणी. कॅमेरे मी उचलून नेले होते, बाकी घर गेलं. पण पेट्या मिरजेला सुक्या.

आणि पाणी उतरल्यावर लोक यायला लागले. मी घरातला गाळ ओढतोय, पायात बूट, तोंडाला रुमाल, आणि दारात माणूस, फोटोवाले काका आमच्या लग्नाचं काही आहे का हो? त्यांचे अल्बम गेलेले. घरातलं धान्य, फ्रीज, गाद्या रस्त्यावर ढीग लागलेले आणि त्यात ते फुगलेले अल्बम, पानं एकमेकाला चिकटलेली. सप्टेंबर-ऑक्टोबर दोन महिने मी दुसरं काही केलं नाही, मिरजेला जाऊन पेट्या उपसायच्या, वहीत बघायचं, स्कॅन करायचं. ज्यांचं २००५ मध्ये गेलं होतं त्यांना नाही म्हणायला लागलं. एक बाई तर तीनदा आल्या, दर वेळी वाटायचं त्यांना की मी नीट बघितलं नसेल. त्यांची पेटी चौथी होती.

त्यातच एक दिवस साधारण चाळिशीतली बाई आली, सांगलवाडीत दिलेली, म्हणाली चुरमुऱ्यांचा फोटो आहे का तुमच्याकडं? मला काही सांगायला लागलं नाही. तो रोल मी लाजेखातर बाकीच्यात ठेवलाच नव्हता, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर टाकला होता, म्हणून २००५ मध्ये पण वाचला. तिच्या लग्नाच्या बाकीच्या दोन रोलची वीट झालेली, गौरीहर, सप्तपदी, पाठवणी सगळं त्यात. उरलं ते एवढंच, उपरण्याच्या अंतरपाटाचं.

स्कॅन करून मोठं करून दाखवलं. मागं दोरीवर धुणं दिसत होतं, एक साडी, दोन बंड्या. मी सवयीनं म्हणलं, ही दोरी पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली नको, ती आज्जीची साडी आहे. मग जरा वेळानं हसायला लागली आणि म्हणाली, चुरमुरे पण काही करू नका, नाहीतर अक्षता करून द्याल.

बारा बाय अठराची प्रिंट केली. पैसे देत होती, घेतले, अर्धे. धंदा आहे शेवटी.

२०२१ ला लॉकडाउनमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न असा नियम होता, तेव्हा मी एक बॉडी आणि एक लेन्स विकली, ते वर्ष कसं काढलं ते परत कधीतरी. हे एवढ्यासाठी सांगितलं की नोकरी सोडायच्या आधी आठ-दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, आणि त्याला कॅमेऱ्यासाठी हात लावू नकोस. प्रीवेडिंग, ड्रोन हे सगळं नंतर. ड्रोनचं २५० ग्रॅमच्या आतलं असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण कुठं उडवायचं कुठं नाही ते नियम आधी बघ, आणि पंगतीवरनं उडवू नकोस, धूळ भातात जाते आणि शिव्या आपल्याला.

नोकरी अजून सोडू नकोस. चैत्र-वैशाखात माझी कामं आहेत, त्यातल्या दोन लग्नांना सुट्टी काढून ये. कॅमेरा आणलास तरी चालेल पण पिशवीत ठेवायचा. पहिल्या लग्नाला फक्त माझी बॅग धरायची आणि मामा शोधायचा. दुसऱ्याला रुसलेला माणूस कोण ते मला सांगायचं, मी विचारायच्या आधी. एसटीचं भाडं मी देतो, जेवण लग्नातलं, आणि जेवायला आपण सगळ्यात शेवटी बसतो, तेव्हा बहुतेक जिलेबी संपलेली असते.